परत मागितलेलं वाण

एकदा दिलेलं वाण परत मागणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. तो मी. तेरा वाणं दिली आणि तेराच्या तेरा परत मागितली, तीही बायकोच्या मैत्रिणींकडून, भाजीची दोन चाकांची ट्रॉली ओढत दारोदार जाऊन.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढच्या कशाचं नवल वाटणार नाही. मी नववी नापास. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी पेपर तेच आले होते असं आमचे मास्तर गावभर सांगत फिरायचे. माझी बायको कॉम्प्युटर इंजिनिअर. हे लग्न जमलं कसं, असं इथली प्रत्येक मराठी बाई पहिल्या दहा मिनिटांत विचारते. तोंडाने नाही विचारत. आधी तिच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते, मग चहा पिते. तर उत्तर असं, की आम्ही दोघं रत्नागिरीजवळच्या एकाच गावचे. ती पुण्याला शिकायला गेली, दर मे महिन्यात गावी यायची. माझे वडील ज्या आंब्याच्या बागेत राखण करायचे, त्याच बागेत मी पडलेला असायचो. तिला हापूस आवडायचा. एवढंच माझं क्वालिफिकेशन.

तिला नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावात नोकरी लागली आणि तिच्या परमिटला लोंबकळत मीही आलो. चारचौघांत ती मला अहो म्हणते, घरात अरे म्हणते, आणि मी काही बिघडवलं की काहीच म्हणत नाही, नुसती चष्मा काढून पुसते.

मला काम मिळालं गावाबाहेरच्या एका वेअरहाउसमध्ये. कंटेनर रिकामे करायचे. आमच्याकडे चीनहून दगडाच्या फरशा यायच्या, जाडजूड लाकडी खोक्यांत भरून. फरशा काढायच्या, खोकी मोडायची आणि लाकूड अंगणातल्या लोखंडी कचरापेटीत फेकायचं. माझं सगळं तिथेच बिनसलं. मला लाकूड फेकलेलं बघवत नाही. आमच्या गावात वाऱ्याने फांदी मोडली, तर ती जमिनीला लागायच्या आत तिच्यावर दोन घरांची भांडणं झालेली असायची. इथे अख्खी फळी, सरळ, जाड, कचऱ्यात. मी फोरमनला विचारलं, नेऊ का घरी? तो म्हणाला, ने की, तेवढीच पेटी रिकामी.

रोज दोन फळ्या सायकलला बांधून आणायला लागलो. महिन्याभरात आमची मागची शेड भरली आणि बायकोची सायकल बाहेर पावसात आली. तिने चष्मा पुसला.

आमच्या घरामागे एक बारीक कालवा आहे आणि त्याच्या काठाने सात झाडं ओळीत. आठवं झाड शेजारच्या आजोबांच्या आवारात, आमच्या शेडला जवळजवळ खेटून. इथे त्या झाडाला एस म्हणतात. पान साधारण आपल्या कडुलिंबासारखं, खोड राखाडी, आणि थंडीत फांदीच्या टोकाला काळ्या कळ्या, जशी कुणी काडी पेटवून विझवली असावी. आळशी झाड. बाकी सगळी हिरवी होऊन बसतात, तरी हे झोपलेलं. मला पहिल्यापासून आवडलं ते त्याचसाठी.

शेजारच्या आजोबांना मी बूरमन म्हणतो. बूरमन म्हणजे शेजारी. इथे तसंच हाक मारतात, नाव लक्षात ठेवायची भानगड नाही. एकटेच राहतात, ऐंशीच्या घरातले. काही वर्षांपूर्वी या झाडांवर बुरशीचा रोग आला आणि कालव्याच्या पलीकडची ओळ पार वाळून गेली, गेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लोकांनी येऊन तोडली. अलीकडची आठ वाचली. का वाचली ते कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून दर वसंतात बूरमन रोज सकाळी झाडाझाडाखाली जाऊन मान वर करून उभे राहतात. पानं फुटली की माझ्या दारात येऊन सांगतात, "आठ." बस, एवढंच. मी म्हणायचो, "छान." माझं डच तेवढंच होतं.

तर संक्रांत आली. इथे हळदीकुंकू थाटात होतं. ब्रेडातल्या बायका, झूटरमेरची एक, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या चार, सगळ्या साड्या नेसून वर जाड कोट घालून येतात. वाण काय द्यायचं यावर बायकोचं डोकं चालेना. प्लास्टिकचे डबे सगळ्याच देतात.

मी म्हणालो, "मी पाट करून देतो. छोटे. शेडमध्ये लाकूड आहेच."

"तू?"

"का?"

"मागे शेल्फ केलं होतंस."

"ते उभं आहे अजून."

"भिंतीला टेकून."

पण लाकूड संपेल आणि सायकल आत जाईल, या आशेने ती हो म्हणाली. आता माझी अक्कल ऐका. फळ्यांवर एक शिक्का भाजलेला असायचा, गव्हाची लोंबी आणि बाजूला काही अक्षरं. बहुतेक फळ्यांवर होता, एका खोक्याच्या फळ्यांवर नव्हता. मी म्हटलं, सवाष्णीच्या हातात द्यायचं वाण, त्यावर कंपनीचा शिक्का बरा दिसत नाही. म्हणून मी एकेक फळी उलटसुलट करून, बिनशिक्क्याच्या तेवढ्या निवडून बाजूला काढल्या. पुढे कळलं, की तो शिक्का म्हणजे लाकूड आतपर्यंत तापवलंय, त्यातली कीड मेली आहे, याची खूण. म्हणजे एवढ्या ढिगातून मी वेचून वेचून जिवंत लाकूड काढलं होतं. नववीत एवढी मेहनत घेतली असती तर पास झालो असतो.

तेरा पाट झाले. मी तेलपाणी केलं, बायकोने वर लक्ष्मीची पावलं काढली. बायकांनी फार कौतुक केलं. एक म्हणाली, "भावोजी, हा जरा डुलतो."

मी म्हणालो, "वहिनी, मुद्दाम ठेवलंय. बसल्या बसल्या झोका."

सगळ्या हसल्या. मी चार दिवस छाती काढून फिरलो.

मग एप्रिल आला. एका रविवारी दुपारी शेडमध्ये सायकलचं पंक्चर काढत होतो. सगळं शांत होतं, आणि कुठेतरी कुरकुर वाजत होतं. थांबायचं, परत वाजायचं. माझा हात तसाच राहिला. तो आवाज मी ओळखतो. मला पाढे येत नाहीत, पण तो आवाज येतो.

आमच्याकडे आंब्याला भिरूड लागतं. खोडात शिरणारी अळी. वरून झाड हिरवंगार आणि आतून पोखरून पोकळ. वडील बुंध्याला कान लावायचे, खाली पडलेला भुसा बोटाने चोळून बघायचे, मग सायकलची तार वाकवून भोकात घालायचे आणि अळी ओढून काढायचे. शाळा बुडवून मी हेच करायचो. वर्गातली पोरं भागाकार शिकली, मी भिरूड काढायला शिकलो.

मी उरलेल्या फळ्या हलवल्या. खाली भुसा. ताजा, रव्यासारखा. एक फळी छिन्नीने फोडली, तर आत करंगळीएवढी पांढरी अळी, डोकं तपकिरी, पाय नाहीत. खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. परदेशात गावचं कुणी भेटावं तसा. मी तिला म्हणालोसुद्धा, "तू इथे कशी गं?"

मग मी मान वर केली आणि शेडच्या खिडकीतून बूरमनचं झाड दिसलं.

आमच्या कामावर कॉफीच्या मशीनजवळ एक पोस्टर आहे. काळा भुंगा, अंगावर पांढरे ठिपके, अंगापेक्षा लांब मिशा, आणि खाली तोडलेल्या झाडांचा फोटो. दोन वर्षं मी समजत होतो, हा भुंगा कॉफीत पडतो म्हणून लावलंय. मी कॉफी नीट बघून प्यायचो. झाडांच्या फोटोचं काय ते मला कधी सुचलं नाही.

अळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली आणि घरात गेलो. बायको लॅपटॉपवर होती. बरणी बघून ती म्हणाली, "लोणचं संपलं?"

"नाही. हे वेगळंय."

मी पोस्टरचं सांगितलं आणि तिने लॅपटॉपवर वाचायला सुरुवात केली. पोस्टरमधला फोटो निघाला, मग अळीचा निघाला. तिने बरणी लॅपटॉपच्या बाजूला धरली. दोन्ही सारख्या.

"अरे, हा जिवंत झाडात शिरतो. मॅपलमध्ये, पॉप्लरमध्ये, एसमध्येपण. बाहेर पडल्याचं सापडलं तर आजूबाजूची झाडं तोडतात. चांगलीपण."

"सगळी?"

"त्याला चालणारी सगळी."

"मग नको फोन करायला. मी जाळून टाकतो गुपचूप."

"आणि एखादा आधीच उडाला असला तर?"

"अजून थंड आहे. ऊन चढल्याशिवाय भुंगा बाहेर येत नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितलंय."

पहिल्यांदाच असं झालं, की मी काहीतरी सांगितलं आणि तिने ते लॅपटॉपवर तपासून 'बरोबर आहे' म्हटलं. मे-जूनपासून बाहेर पडतात, असं तिथे लिहिलं होतं. मला अभिमान वाटायला लागला होता, तेवढ्यात तिने चष्मा काढला. पण पुसला नाही. म्हणाली, "तेरा पाट."

मी नुसत्या शेडचाच विचार करत होतो. तेरा पाट तेरा घरांत होते, आणि कुठल्या घराला झाड नाही इथे.

तिने तेव्हाच फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी गाडी आली. झाडांच्या खात्याच्या इन्स्पेक्टर बाई, उंच, चिखलाचे बूट. त्यांनी बरणी बघितली, फळ्या बघितल्या, सगळं लाकूड जाड पिशव्यांत सील केलं. मग विचारलं, "अजून कुठे आहे हे लाकूड?"

आता हळदीकुंकू डचमध्ये कसं सांगायचं? मी सांगितलं, "लग्न झालेल्या बायका आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्या कपाळाला पावडर लावतो आणि लाकूड देतो."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. बायकोने पुढे होऊन इंग्लिशमध्ये नीट सांगितलं, पण बाईंनी माझं खोडलं नाही.

बाई म्हणाल्या, पत्ते द्या, आमची माणसं जातील, पण सगळीकडे पोचायला दिवस लागतील. मी म्हणालो, मी दिलेत, मीच आणतो. त्यांनी मला पिशव्या दिल्या आणि पढवून घेतलं: पाट त्याच घरात पिशवीत घालायचा, तिथेच बांधायचा, मगच दाराबाहेर काढायचा. पाटाला कुठे गोल भोक दिसलं तर हात लावायचा नाही, आधी फोन. गोल भोक म्हणजे भुंगा बाहेर पडला. "एक जरी भोक असलं," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून एसकडे बघितलं.

त्या गेल्या आणि बायको सोफ्यावर बसली. "वाण परत मागायचं? माझी आई काय म्हणेल? असं कुणी कधी केलंय का?"

"माझ्या नावावर घाल. मिस्टरांनी घोळ घातला म्हण. कुणाला खोटं वाटणार नाही."

तिने अर्धा तास ग्रुपवर लिहिलं, खोडलं, लिहिलं. शेवटी टाकलं: पाटांच्या लाकडात कीड निघाली आहे, झाडांना धोका आहे, प्लीज पाट घराबाहेर काढू नका, आमचे हे येऊन घेऊन जातील. एकीने नमस्काराचे हात पाठवले. एकीने लिहिलं, "तिळगूळपण परत द्यायचा का?" त्यावर अकरा हसरी तोंडं आली. बायकोने फोन उलटा करून ठेवला.

संध्याकाळी बूरमन कुंपणाशी उभे होते. सरकारी गाडी त्यांनी बघितलीच होती. मला काहीतरी थाप मारायची फार इच्छा होती, पण थाप मारण्याएवढं डच मला येत नव्हतं. खरं सांगितलं. लाकूड, अळी, भुंगा, शेड.

"शेडपासून झाड किती लांब?" त्यांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं. मला म्हणायला लावायचं होतं.

"चार पावलं."

ते वळले. आत गेले आणि दार लावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून दुर्बीण घेऊन झाडाखाली उभे राहायला लागले, आणि मी दिसलो की दुर्बीण खाली न करता पाठ फिरवायचे.

मी वेअरहाउसमधून सुट्टी घेतली आणि ट्रॉली घेऊन निघालो. ब्रेडातले पाट आधी. पहिल्याच घरी वहिनी पाटावर उभ्या राहून वरच्या फडताळातले डबे काढत होत्या. खाली उतरल्या, पाट दिला आणि म्हणाल्या, "भावोजी, आता तुम्हीच येत जा डबे काढायला." दुसऱ्या घरी पाटावर वायफायचा डबा ठेवला होता. तिसऱ्या घरी पाट मी गेल्या गेल्या हातात मिळाला, न विचारता, आणि पिशवी बांधेपर्यंत दार लागलंसुद्धा. माझा पाट कुणाला किती प्रिय होता, ते त्या आठवड्यात मला नीट कळलं.

झूटरमेरच्या वहिनींचा पाट बाथरूममध्ये होता. अ‍ॅमस्टेलव्हीनला तीन घरांत काम झालं, चौथ्या घरी अडलं. तिथे भारतातून आलेल्या सासूबाई होत्या आणि पाट देवघरात. वर गणपती.

"देव बसलाय त्यावर," आजी म्हणाल्या. "असा कसा उचलणार?"

"आजी, आत कीड आहे."

"असेल. देवाला उठवायचं तर आंघोळ करून, पूजा करून. तुझी झालीय का आंघोळ?"

"सकाळीच."

"ट्रेनने आलास ना? मग नाही झाली."

अनोळखी माणसाच्या घरात मी आंघोळ केली, त्यांच्या मुलाचा सुती लुंगीसारखा पंचा नेसलो आणि पूजा केली. आरतीचं दुसरं कडवं मला येत नाही हे आजींच्या लक्षात आलं. मग त्यांनी गणपती उचलला. खाली, पाटाच्या फटीजवळ, रव्याएवढा भुसा. मी बोट लावणार तर आजींनी आतून एक चांदीची डबी आणली. "रोज पडतो थोडा थोडा," म्हणाल्या, "मी म्हटलं अंगारा आहे. कपाळाला लावते."

त्या डबीतला अंगारा पिशवीत ओतून घ्यायला मला जेवढं धाडस लागलं, तेवढं कंटेनर रिकामे करताना कधी लागलं नाही. मी म्हणालो, "आजी, यानेच सांगितलं आपल्याला आत काय आहे ते." त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मग अंगाराच की." मी वाद घातला नाही. जाताना त्यांनी मला लाडू दिला. सगळ्या फेरीत कुणी मला काही दिलं असेल तर त्यांनी.

बारा पाट झाले. एकाही पाटाला गोल भोक नव्हतं. तेरावा पाट आमच्याच ब्रेडातल्या एका वहिनींकडे होता आणि त्या फोन उचलत नव्हत्या. ऊन वाढत होतं. बाहेर लोक हाफ पँटवर आले होते. शेवटी बायको त्यांच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली, मी मागे ट्रॉली धरून.

"अगं, सॉरी," त्या म्हणाल्या, "मी तो दिला कुणाला तरी. पुढे. म्हणजे वाण असं पुढे देतात ना कधी कधी."

"देतात गं. मीपण देते. कुणाला दिलास?"

"लायब्ररीत बुधवारी डच बोलायला शिकवतात ना, ते आजोबा. त्यांना काहीतरी द्यायचं होतं. फेब्रुवारीत दिला."

बुधवारचे आजोबा मला माहीत होते. मी त्यांच्या वर्गाला दोनदा गेलो होतो. तिसऱ्यांदा लाजेने गेलो नाही, कारण दोन्ही वेळा त्यांनी विचारलं काल काय जेवलास, आणि मला 'भात' याच्या पुढे जाता आलं नाही. ते आमचे बूरमन.

आम्ही सायकली अशा हाणल्या, की बायको ऑफिसच्या कपड्यांत माझ्या पुढे गेली. बूरमनची बेल वाजवली. दार उघडलं, मी दिसल्यावर लावायला लागले. मी मध्ये पाय घातला. असं मी आयुष्यात केलं नव्हतं. बूट पातळ होता.

"बूरमन, तुम्हाला लायब्ररीत एक लाकूड मिळालं. पावलं काढलेलं."

त्यांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते आम्हाला मागे घेऊन गेले. एसच्या बुंध्याशी, मातीवर, फेब्रुवारीपासून पावसापाण्यात, माझा पाट. वर फुलांची कुंडी. त्यांनी स्वतःच्या हाताने तो तिथे ठेवला होता, आणि दुर्बीण घेऊन वर बघत रोज त्याच्याच बाजूला उभे राहत होते.

त्यांनी कुंडी उचलली. पाटाच्या कडेला एक गोल भोक होतं. दहाच्या ड्रिलने पाडावं तसं नीट, गोल.

बूरमन कुंडी हातात धरून तसेच उभे राहिले. कुंडीतलं पाणी त्यांच्या पँटवर गळत होतं. बायकोने मला धरलं. मी वर बघितलं. काळ्या कळ्या जेमतेम उकलत होत्या. आठही झाडांच्या.

इन्स्पेक्टर बाई तासाभरात आल्या. त्यांनी गुडघ्यावर बसून भोकाला मोजपट्टी लावली. त्यांनी बारीक टॉर्च काढला आणि मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. आत, अगदी तळाशी, काहीतरी चमकलं.

आणि मला आठवलं. हे भोक मी पाडलं होतं. पाटाच्या खालची पट्टी बसवताना मी ड्रिल उलट्या बाजूने घातलं होतं. स्क्रू आत मोडला. तो काढायला दहाचं ड्रिल घातलं, तरी निघेना, म्हणून भुसा आणि गोंद कालवून वरून बुजवलं, घासलं, तेल लावलं, आणि बायकोला दाखवताना त्यावर अंगठा ठेवला. दोन महिन्यांच्या पावसाने माझं बुजवणं धुऊन नेलं होतं.

"माझं आहे," मी म्हणालो.

"काय?" बाई.

"भोक. भुंग्याचं नाही. मी पाडलं. चुकून. आत स्क्रू मोडलाय."

बायको म्हणाली, "तू मला म्हणालास, तिथे गाठ आहे लाकडाला."

"हो म्हणालो होतो."

बाईंनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला नाही, आणि बरोबरच केलं. त्यांनी प्लास्टिक पसरून तिथेच पाट उभा कापला. भोक सरळ आत गेलेलं, कडेला ड्रिलचे वळसे, तळाशी मोडका स्क्रू. पोखरलेली वाट कुठेच नाही. दुसऱ्या टोकाला एक अळी निघाली, जिवंत, आतच, बाहेर यायला अजून बोटभर लाकूड शिल्लक. बाईंनी दोन्ही तुकडे बूरमनसमोर धरले आणि म्हणाल्या, "भुंगा बाहेर पडलेला नाही. हा माणूस वाईट सुतार आहे."

इतकी गोड शिवी मला कुणी दिली नव्हती. बूरमन हसले. आधी नाकातून, मग कुंडी खाली ठेवून, पोट धरून. मग बायको. मग मी. बाईपण हसल्या, पण त्या लिहीत होत्या. त्यांनी हेही लिहून घेतलं असणार.

तेरापैकी चार पाटांत जिवंत अळ्या निघाल्या. एकही बाहेर पडलेली नव्हती. तरी खात्री म्हणून झाडं चढणारी माणसं आली, कमरेला दोर बांधून. आठही झाडं फांदी न् फांदी तपासली. सबंध दिवस लागला. बूरमननी दोन खुर्च्या बाहेर मांडल्या, एक त्यांची, एक माझी. एकेक माणूस उतरायचा आणि अंगठा वर करायचा. दर अंगठ्याला बूरमन आकडा म्हणायचे. आठव्या वेळी मी त्यांच्याबरोबर म्हणालो. पुढची काही वर्षं खात्याची माणसं येऊन बघणार आहेत. खुशाल येऊ देत. आम्ही खुर्च्या मांडू.

कामावरही गंमत झाली. बाईंनी तिथे येऊन अख्खं गोडाऊन तपासलं, आणि आता बिनशिक्क्याचं खोकं आलं की कंटेनर बंद ठेवतात आणि फोरमन मला हाक मारतो. मी खोक्याला कान लावतो, भुसा बोटावर चोळतो. बाकीचे पोलिश, तुर्की, डच, सगळे गप्प उभे. अख्ख्या वेअरहाउसमध्ये हे एकट्या मला येतं. पोरांना मी सायकलची तार वाकवून दाखवली. त्या पोस्टरखाली फोरमनने डचमध्ये काहीतरी चिकटवलंय. मला वाटलं माझं कौतुक असेल. बायकोने वाचून सांगितलं: लाकूड घरी नेऊ नये.

मैत्रिणींनी माझी भरपूर उडवली. पण पुढच्या संक्रांतीला बायकोने वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले, तेव्हा झूटरमेरच्या वहिनी म्हणाल्या, "हे परत नेणार की ठेवू?" आणि बायको सगळ्यांत मोठ्याने हसली. तेव्हा मी सुटलो.

त्या संक्रांतीच्या आधीचं एक सांगायचं राहिलं: ऑक्टोबर संपता संपता एसची पानं पडली. ही झाडं पानं पिवळी करत बसत नाहीत, हिरवीच टाकून देतात, ढिगाने. आमचं अंगण, कालव्याची वाट, शेडचं छप्पर, सगळं भरलं. एका सकाळी बेल वाजली. दारात बूरमन, हातात दोन मोठे झाडू, एक माझ्या अंगावर टेकवला.

"वाचवलीस ना," म्हणाले, "मग आता झाडायला ये. आठांचा पाला एकट्याने होत नाही."

मी झाडू घेतला. दुपारपर्यंत आम्ही झाडत होतो. माझे खांदे भरून आले. मागच्या वर्षीपर्यंत हा पाला उचलताना मी किती शिव्या द्यायचो ते बायकोला विचारा. त्या दिवशी कुणी माझ्या ढिगातलं एक पान कमी केलं असतं तर मी भांडलो असतो.